एक काना

निळ्या प्लास्टिकचा गोल तुकडा, वरच्या कडेला भोक, भोकात मळकी सुतळी, आणि मधोमध पांढऱ्या रंगाने हाताने काढलेला आकडा — ४१. त्यातला एक जवळजवळ पुसला गेलाय, नखाने खरवडल्यासारखा... की तिनेच खरवडलाय, गेली दोन वर्षं, पर्समध्ये हात गेला की? पेन शोधत होती ती. पेन सापडलं नाही, बिल्ला सापडला. तो कधी हरवतच नाही. कॉफीचा कप आणि की-बोर्ड यांच्यामध्ये तिने तो ठेवला, समोरच्या पडद्यावरच्या ओळीकडे पुन्हा पाहिलं, मग पुन्हा बिल्ल्याकडे — जणू दोघांपैकी कुणीतरी एक आता खुलासा करणार होतं.

पडद्यावर लिहिलं होतं: मी निघालोय. वाट बघ.

पाठवणाऱ्याच्या रकान्यात तिचा क्रमांक. घेणाऱ्याच्या रकान्यात खाट एकोणीस, म्हणजे दादा. वार गुरुवार, वेळ अकरा बेचाळीस, दोन वर्षांपूर्वीची. सगळं बरोबर, फक्त वाक्य तिचं नाही. ती असं लिहीत नाही. निघालेय लिहील, निघालोय कशाला लिहील? बाप्याचं वाक्य आहे ते. फरक एका कान्याचा, पण तो काना असा मधेच उभा, रात्री उठून पाणी प्यायला जावं आणि स्वयंपाकघरात कुणी अनोळखी माणूस शांतपणे उभा दिसावा तसा.

"बिल्ला हरवू नका बाई," हॉस्पिटलच्या तळमजल्यावर सामान ठेवून घेणारा म्हातारा म्हणाला होता. "मी तोंडं लक्षात ठेवत नाही. रडकी तोंडं सगळी सारखीच. बिल्ला दाखवा, पिशवी घ्या."

त्या सकाळीसुद्धा — तसल्या सकाळीसुद्धा — तिच्या डोक्यात कुणीतरी मान डोलावली होती, कारण कंपनीतल्या नव्या लोकांना सेशन समजावताना ती अगदी हेच सांगते. तुम्ही वेबसाइटवर एक बटण दाबता, सर्व्हर उत्तर देतो आणि त्याच क्षणी तुम्हाला विसरतो. पुढचं बटण दाबणारा त्याच्या लेखी नवाच माणूस. म्हणून पहिल्याच भेटीत तो तुमच्या हातात एक बिल्ला ठेवतो, आणि मागे भिंतीवरच्या कप्प्यांपैकी एक कप्पा त्या बिल्ल्याच्या नावे करतो. तुमचं अर्धवट लिहिलेलं, निवडलेलं, अजून मनाशी न ठरलेलं, सगळं त्या कप्प्यात. शेजारच्या कप्प्यात कुणाचं काय आहे ते तुम्हाला दिसता कामा नये. वीस मिनिटं तुमची काही हालचाल नसली की कप्पा रिकामा. 'सेशन मेलं' म्हणतो आम्ही. किती सहज म्हणतो.

वर जाताना बिल्ला मुठीत होता. दादा आदल्या दिवशी, गुरुवारी, पाच वाजून दहा मिनिटांनी गेला होता; ती शुक्रवारी सकाळी पोचली. खाली आली ती मागच्या बाजूने, स्ट्रेचरच्या चाकांमागोमाग, दुसऱ्याच दाराने. पिशवी तिथेच राहिली. पिशवीत शनिवार-रविवारचे कपडे होते... शनिवारी यायचं ठरलं होतं ना.

आज सहा वाजता जुना सर्व्हर बंद होणार. त्याच हॉस्पिटलची ती सिस्टिम, जावा या संगणकभाषेत लिहिलेली, अकरा वर्षांची, एकाच खोलीत सगळं खटलं झोपावं तशी — औषधांच्या अंगावर खाटांचा पाय, खाटांच्या उशाशी भेटींची डायरी, कुणीही कुणाच्याही ताटात हात घालावा. दीड वर्ष खपून तिच्या टीमने तिचे भाग पाडले. औषधं एक मॉड्यूल, खाटा एक, भेटी एक, निरोप एक. प्रत्येकाला एकच दार. विचारायचं ते दारात उभं राहून विचारायचं, आत डोकावायचं नाही. हा नियम तिचाच. तिने तो इतक्या वेळा बजावलाय की ऑफिसात कुणी कुणाचा डबा उघडला तरी 'दार वाजवा' म्हणतात.

जुने निरोप नव्या घरात न्यायचे नाहीत असं ठरलंय. "जुने निरोप कोण वाचतंय?" हॉस्पिटलचा माणूस फोनवर म्हणाला होता.

वहिनी वाचणार आहे.

"अगं, तेवढं एक काम कर माझं," वहिनी गेल्या रविवारी म्हणाली. आता ती याच गावात राहते, आपल्या बहिणीच्या वरच्या मजल्यावर. "तुमची ती सिस्टिम बदलतेय म्हणालीस ना? मग ह्यांचे निरोप काढून दे मला. कागदावर. ती पाटी तर त्यांनी त्याच दिवशी काढून घेतली, पुढच्याला हवी म्हणून."

"टॅबलेट."

"तेच ते. सगळे नाही मिळाले तरी चालतील, पण शेवटचा दे. तेवढ्यावर तर मी..." आणि मग कपबशा आवाज करत उचलत, पाठमोरी होऊन, "तू निघाली होतीस. पोचली नाहीस, एवढंच. वाटेत काय होईल ते कुणाच्या हातात असतं?"

दोन वर्षं ती यावर काही म्हणालेली नाही. कारण ती निघालीच नव्हती.

त्या गुरुवारी निरोपाचं बटण पहिल्यांदा लोकांसाठी खुलं झालं. तिनेच बांधलेलं. घरी बसलेल्या माणसाने लिहायचं, खाटेशी टांगलेल्या टॅबलेटवर आजाऱ्याने वाचायचं — 'काय साधी गोष्ट आहे,' दादा म्हणाला होता, 'तू एवढी शिकलीस ती चिठ्ठ्या पोचवायला?' आणि मग नर्सला अभिमानाने, तिच्या लहानपणच्या नावाने, 'हे आमच्या गड्याने केलंय बरं का.' सकाळी नऊपासून ती या खुर्चीत होती. वहिनीचे दोन फोन येऊन गेले होते. पहिल्यात वहिनी म्हणाली, जमेल तेव्हा ये. दुसऱ्यात म्हणाली, आज जमेल का? अकरा चाळीसला तिने स्वतःचंच बटण उघडलं आणि भराभर लिहिलं. एकेक अक्षर आठवतंय तिला, ना वर नाव ना खाली नाव: 'काम अडकलंय. शनिवारी नक्की येते. औषधं वेळेवर घे.' आणि पाठव दाबलं. आणि काम खरंच अडकलं होतं. हे मी कुणाला सांगतेय?

शुक्रवारी सकाळी त्या लांब व्हरांड्यात वहिनी तिच्या गळ्यात पडली. "तुझा निरोप मोठ्याने वाचला गं त्यांनी. दोनदा. मी निघालोय, वाट बघ. कसे हसले! 'बघ, गड्या अजून तसाच बोलतो.' मग झोपेचं इंजेक्शन नको म्हणाले. म्हणाले, जागं राहायचंय. उशीर झाला का गं गाडीला?"

"हो," ती म्हणाली.

त्या एका अक्षरावर ती दोन वर्षं उभी आहे.

आणि त्या 'हो'च्या मागे, आतल्या खोलीत, तिने आणखी एक गोष्ट ठेवून दिली होती — कुणाला न दाखवता, रोज एकदा काढून पाहायची. ती गोष्ट अशी: दादाने तिचा खरा निरोप वाचला. काम अडकलंय. शनिवारी. खाटेवरून त्याने वहिनीच्या चेहऱ्याकडे पाहिलं असेल, आणि तिच्यासमोर आपली बहीण उघडी पडू नये म्हणून, वाचतोय असं दाखवत, स्वतःच एक वाक्य रचलं असेल. तेही तिच्या लहानपणच्या बोलीत. दुसऱ्या कुणाला ते सुचणारच नाही. दादापाठोपाठ बोलायला शिकली ती, दादा जातो तर मीपण जातो, दादा जेवला, मी जेवला. आई ओरडायची, अगं जेवले म्हण, आणि ती ठणकावून सांगायची, जेवलो! सात-आठ वर्षांची होईपर्यंत. मग शाळेत बाकावरच्या मुली हसल्या, आणि एके दिवशी घरी येऊन ती 'मी आले' म्हणाली, तेव्हा आई खूश झाली आणि दादा अभ्यासातून मान वर करून नुसता बघत राहिला, कुणीतरी गाव सोडून गेल्यासारखा.

म्हणजे तो शेवटी तिच्यासाठी खोटं बोलला. तिला तिच्या खऱ्या निरोपासकट माफ करून, वर पांघरूण घालून गेला. यावर ती जगत होती. हे वहिनीला माहीत नव्हतं, कुणालाच नव्हतं. हा तिचा आणि दादाचा कप्पा.

आणि आज साडेदहा वाजता ती वहिनीसाठी निरोप काढायला बसली, आणि पडद्यावर —

मी निघालोय. वाट बघ.

तो खोटं बोलला नव्हता. त्याने फक्त वाचलं होतं.

*

दुपारपर्यंत तिला कोडमधली चुकलेली ओळ सापडली. फार शोधावं लागलं नाही. आपल्या घरात आपण काय कुठे टाकतो ते हाताला ठाऊक असतं. निरोपाचं काम करणारी एकच वस्तू, कोडचाच एक तुकडा, सर्व्हरवर उभी असते, सगळ्यांना मिळून एक, त्या सामानवाल्या म्हाताऱ्यासारखी. तिने कुणाचं काही आपल्याजवळ ठेवायचं नसतं. ज्याचं त्याच्या कप्प्यात, म्हणजे सेशनमध्ये, टाकायचं असतं. पहिल्याच आठवड्यात शिकवतो आम्ही हे. आणि तिथे, त्या वस्तूच्या अगदी पोटात, तिच्या हाताने लिहिलेलं: मसुदा. एकच मसुदा. म्हातारा जणू सगळ्यांच्या पिशव्या कप्प्यांत न ठेवता गल्ल्यावर, एकाच जागी ठेवत होता. शेवटची ठेवली ती वर, आणि कुणीही बिल्ला दाखवला की वरची पिशवी हातात. त्या ओळीचा पहिला शब्द तर 'प्रायव्हेट'. जावात लिहिताना लावतातच तो, हात सवयीने लावतो. बाकीच्या कोडपासून खासगी. माणसांपासून नाही.

पंधरा दिवस ते तसं चालू होतं. मग कुणीतरी ती ओळ उचलून सेशनमध्ये नेली. बदलांच्या नोंदीत त्या दिवशीचा शेरा आहे — 'किरकोळ साफसफाई'. खाली तिचंच नाव. दादानंतर रजेवरून परतल्यावर पहिल्या दिवशी काहीतरी करायला हवं म्हणून ती झाडलोट करत बसली होती, आणि ती ओळ दिसल्यावर तिने काय विचार केला होता? काहीच नाही. चुकीच्या जागची चप्पल उचलून जागेवर ठेवावी तशी ठेवली. त्या चपलेत पाय कुणाचा होता ते...

"मॅडम! म्हातारीला शेवटचा नमस्कार केलात का?"

शंकासुर. टेस्टर आहे ती. तिचं काम शंका काढणं, आणि ती ते लग्नाच्या जेवणातही करते, म्हणून हे नाव, आणि ते तिने स्वतःच आपल्या टेबलावर पाटी लावून स्वीकारलेलं. म्हातारी म्हणजे जुना सर्व्हर.

"करतेय."

शंकासुर खुर्चीमागे येऊन उभी राहिली. वाकली. पडदा झाकायला उशीर झाला होता.

"हे काय? मसुदा इथे? सगळ्या गावाला मिळून एकच मसुदा?"

"जुनं आहे."

"कुणाचं पाप?"

"माझं."

"अरे देवा. मग पाप नाही म्हणायचं, अनुभव म्हणायचं." ती हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे बारीक झाले. "किती दिवस होतं हे बाहेर?"

"पंधरा."

"आणि तक्रार?"

"एकही नाही."

"नसणारच," शंकासुर म्हणाली. "कशी असेल? नाव बरोबर, वेळ बरोबर. ज्याला दुसऱ्याचा निरोप मिळाला त्याला वाटणार हाच आपला. चोर आला नि देऊन गेला, तर पोलिसात कोण जातं?" टेबलावरचा बिल्ला उचलून तिने उलटसुलट पाहिला, ठेवला. "फॉर्म तेवढा भरा. माझ्या समाधानासाठी. आणि 'परिणाम' रिकामा सोडू नका, तो रिकामा घेतच नाही. मीच लावलंय तसं."

ती गेली. फॉर्म उघडा राहिला.

दोष: मसुदा सेशनऐवजी सामायिक वस्तूत.

कधीपासून: एक गुरुवार.

परिणाम: एका व्यक्तीचा निरोप दुसऱ्याच्या नावे

परिणाम: माझा भाऊ पाच तास

परिणाम: इंजेक्शन नको म्हणाला. पाच तास. मी तर असं समजत होते की स्वतः रचलेलं वाक्य तो शेवटपर्यंत निभावत होता, नाटक म्हणून, वहिनीसाठी, माझ्यासाठी... नाटक नव्हतं ते. दाराकडे बघत होता. पाय वाजला की बघत असेल. गड्या आला का?

परिणाम: किरकोळ.

शेवटचा शब्द तिने खोडला. मग सगळंच. फॉर्म म्हणाला: हा रकाना आवश्यक आहे.

*

मी निघालोय. खिडकीपाशी जागा मिळाली. उन्हं डोळ्यांवर येतायत पण पडदा ओढवत नाही.

— हे कुणाचं? दुपारचे तीन वाजत होते, ऑफिसात पंखे नसतात तरी पंख्यासारखा आवाज असतो, तो होता. आणि तिच्या डोक्यात हे वाक्य आलं होतं, नीट, विरामचिन्हांसह, आणि तिचं नव्हतं. ती कुठल्या खिडकीपाशी बसली नव्हती. पण कुणीतरी बसलं होतं. त्या गुरुवारी, अकरा बेचाळीसला, हे कुणीतरी खरंच लिहिलं होतं, खरंच निघण्यापूर्वी, एक पाय बुटात घालून, दुसरा बाहेर. ते वाक्य खोटं नव्हतं. फक्त भलत्याच घरी गेलं.

म्हणजे त्याच्या माणसाला काय मिळालं?

हे आधी का सुचलं नाही? सकाळपासून ती आलेल्या पिशवीकडेच बघत होती. तिची स्वतःची पिशवी कुठे गेली हे... तिने त्या दिवसाची नोंदवही उघडली. अकरा बेचाळीस वाजून सात सेकंद: पाठव, तिचा क्रमांक, खाट एकोणीस. अकरा बेचाळीस वाजून अकरा सेकंद: पाठव, क्रमांक तीनशे आठ, खाट सत्तावीस. मध्ये चार सेकंद. त्याचा मसुदा तिच्या मसुद्यावर पडला, तिने पाठव दाबलं, त्याचं गेलं. मग तिच्या पडद्याने तिचं लिहिलेलं पुन्हा त्याच एका जागी जपून ठेवलं — लिहिलेलं हरवू नये, माणसांचं नुकसान होऊ नये, म्हणून तिनेच तशी सोय केली होती — आणि त्याने पाठव दाबलं.

खाट सत्तावीस. पाठवणारा तीनशे आठ. 'काम अडकलंय. शनिवारी नक्की येते. औषधं वेळेवर घे.'

दुसऱ्याच्या नावाखाली आपलं वाक्य वाचणं म्हणजे दुकानाच्या आरशात अचानक स्वतःला पाहणं: ही कोण बाई, खांदे पाडून चालतेय? किती कोरडं वाक्य. नक्की हा शब्द किती अनिश्चित. आणि औषधं वेळेवर घे — हे सांगायला माणूस कशाला लागतो, औषधांचं मॉड्यूल आहे की.

तीनशे आठ म्हणजे कोण, तिला माहीत नाही. निरोपांच्या नोंदीत नावं नसतात, नुसते क्रमांक. मुलगा, नवरा, भाऊ? पुरुष आहे, एवढं फक्त एका कान्यावरून. आणि सत्तावीस? आई असावी असं तिला उगाचच वाटलं, आणि एकदा वाटल्यावर ती आईच झाली. त्या आईने 'येते' वाचलं असेल, आणि मुलाने घाईत लिहिलं, काना राहिला, असं म्हटलं असेल. आया चूक दुरुस्त करून वाचतात. येतो. शनिवारी नक्की येतो. मग तिने झोपेचं इंजेक्शन घेतलं असेल — का नाही घ्यायचं? आज तर कुणी येणार नाही.

मी पोचलो तेव्हा ती झोपली होती.

नाही. हे तिला माहीत नाही. हे तिने आत्ता रचलं. तो पोचला असेल, ती जागी असेल, म्हणाली असेल, अरे, तू तर शनिवारी येणार होतास, आणि तो म्हणाला असेल, कोण म्हणालं? आणि दोघं हसले असतील. असंही असेल. त्या गुरुवारी सत्तावीसला भेटायला कोण आलं, किती वाजता, आणि तेव्हा आजारी व्यक्ती 'जागी' की 'निद्रिस्त' — हे सगळं भेटींच्या डायरीत लिहिलेलं असतं. नव्या घरात ती डायरी दुसऱ्या मॉड्यूलच्या आत आहे, निरोपवालीला तिथे डोकावता येत नाही. पण म्हातारी अजून चालू होती. म्हातारीच्या त्या एकाच खोलीत अजून कुणीही कुठेही हात घालू शकत होतं. सहा वाजेपर्यंत.

तिने प्रश्न लिहिला. खाट सत्तावीस, तो गुरुवार, भेटी. एंटर तेवढं दाबायचं राहिलं.

साडेचार झाले होते. आधी वहिनीचे निरोप छापून घ्यावेत, मग बघू. ती प्रिंटरपाशी गेली. त्या एका सकाळचे, सगळ्या गोतावळ्याचे अकरा निरोप, दोन पानं. प्रिंटरने ती गरम गरम तिच्या हातात दिली. यात खोटं काहीच नव्हतं. जे होतं तसं छापलं होतं, वेळेसकट. ही पानं वहिनीच्या हातात दिली की झालं. ती शेवटचा निरोप वाचेल, चष्मा काढेल, म्हणेल, बघ. आणि तिला पुन्हा एकदा 'हो' म्हणायची गरजसुद्धा पडणार नाही. कागदच म्हणेल.

किंवा म्हणायचं: वहिनी, हे मी लिहिलं नाही. मी लिहिलं होतं ते हे. मी निघाले नव्हते. मग वहिनी काय करेल? तिच्याकडे ह्यांचं शेवटचं हसू आहे, दुसरं फारसं काही नाही. ते हसू दुसऱ्याच कुणाच्या निरोपावर होतं हे कळल्यावर ते हसू परत करावं लागतं का? कुठल्या गल्ल्यावर? मी तोंडं लक्षात ठेवत नाही बाई, बिल्ला दाखवा.

आणि मी? माझ्याकडे तर तेही उरलं नाही. मला कुणी माफ केलंच नव्हतं. दादाला माफ करण्यासारखं काही दिसलंच नाही. तो माझ्यावर खूश होऊन गेला. यापेक्षा वाईट काही असतं का? रागावला असता तर राग माझा असता. हे प्रेम तीनशे आठचं आहे, मी त्याच्या पिशवीतलं दोन वर्षं खातेय.

ती जागेवर परत आली तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. हे तिने घड्याळात पाहिलं, आणि पाहिलं नाही असं केलं, रोज करते तसं.

प्रश्न पडद्यावर तसाच उभा होता. शेवटच्या अक्षरापुढे ती उभी रेघ लुकलुकत होती. दाब. पोचला होता का तो? पोचला असेल तर तिच्या अंगावरचं ओझं अर्धं उतरेल, आणि नसेल तर... पण तिच्या लक्षात आलं की तो पोचला असेल तर तिला आनंद होणार नाही. तिला ते लगेच, लख्ख कळलं. पोचला असेल तर याचा अर्थ एवढाच की पोचता येत होतं. अकरा बेचाळीसला निघालेला माणूस पाच वाजून दहा मिनिटांच्या आत पोचत होता.

मी पोचलो. जिना चढताना दम लागला. व्हरांडा लांब होता. एकोणिसाव्या खाटेवरचा माणूस दाराकडे बघत होता, माझ्याकडे पाहून त्याचा चेहरा उजळला, आणि मग — मी नव्हे हे कळल्यावर — त्याने मान फिरवली.

तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले. हे कुठून आलं? हे त्याचंही नव्हतं, तिचंही नव्हतं. दोन कप्प्यांच्या मधली फळी कुणीतरी काढली होती.

लहान असताना ती कुठून बोलायची? जेवलो, आलो, पडलो — ते बोलणं दादाचं होतं की तिचं? आई म्हणायची त्याची नक्कल. पण नक्कल करताना आपण करतोय हे कळतं, आणि तिला तर तेव्हा दुसरं काही येतच नव्हतं. एकच मसुदा होता दोघांना मिळून. तेव्हा कुणाला तो दोष वाटला नव्हता, आई सोडून.

"मॅडम, या ना! म्हातारी चालली!" पलीकडून शंकासुराचा आवाज. सगळे एका टेबलाभोवती गोळा झाले होते, कुणीतरी गळा काढून रडण्याची नक्कल करत होतं, कुणी म्हणत होतं, "अकरा वर्षं राबली बिचारी, पण सुनांशी कधी पटलं नाही."

पाच अठ्ठावन्न.

बघते, ती मनात म्हणाली. उद्या बघते — आणि तिच्याच कानाला तो सूर ओळखीचा वाटला. शनिवारी नक्की. तिचं बोट एंटरवर गेलं. गेलं आणि थांबलं, आणि थांबलंय हे ती बघत राहिली, दुसऱ्या कुणाचं बोट बघावं तशी, आणि पलीकडे टाळ्या झाल्या, आणि पडद्यावर मधोमध एक राखाडी चौकट आली: संपर्क तुटला.

मग ती फॉर्मकडे वळली. फॉर्ममध्ये 'परिणाम' या रकान्यात तिने लिहिलं: 'दोन निरोपांची अदलाबदल झाली. खाट १९ आणि खाट २७. पाठवणाऱ्यांपैकी एक मी. हॉस्पिटलला कळवून तीनशे आठला शोधायला हवं.' फॉर्मने ते निमूट घेतलं. एवढं सोपं होतं ते. शंकासुर उद्या सकाळी वाचेल, आणि बहुधा तिला पहिल्यांदाच काही शंका विचारता येणार नाही.

पण वहिनीला फॉर्म नसतो.

*

जिन्यावर उजेड होता अजून, पायऱ्यांवर तिरका पडलेला. पर्समध्ये दोन पानं, घडी न घातलेली, म्हणून पर्स उघडीच. आणि तळाशी बिल्ला. रस्त्यावर लोक कामावरून परतत होते. प्रत्येकाच्या हातात काही ना काही, आणि सगळी तोंडं — म्हाताऱ्याचं खरं होतं — सारखीच. यातला कुणीही तीनशे आठ असू शकतो. तो समोर आला तर तिला ओळखू येणार नाही. त्याने तोंड उघडून स्वतःबद्दल एक क्रियापद उच्चारलं तर कदाचित...

फोन किणकिणला, निरोप आला. वहिनी.

'निघालीस का?'

ती कोपऱ्यावर, बंद दुकानाच्या पायरीपाशी थांबली. साधं उत्तर होतं. उत्तर खरंही होतं: या वेळी ती खरंच निघाली होती, पर्स खांद्याला होती, पाय रस्त्यावर होते, साडेसहाला ती पोचणार होती. पोचल्यावर काय बोलायचं ते तिला ठाऊक नव्हतं. पानं द्यायची की पानं मांडीवर ठेवून आधी बोलायचं... ते वाटेत ठरेल असं ती दुपारपासून स्वतःला सांगत होती, आणि वाट तर इथून सुरू होत होती.

तिने लिहिलं: निघाले

आणि अंगठा तिथेच राहिला. कारण शेवटच्या अक्षराला चिकटून ती उभी रेघ आली होती, पुढचं अक्षर कुठे पडेल ते दाखवणारी, रोजची, जिच्याकडे तिने आजवर इतकी वर्षं पाहिलं होतं आणि कधीच पाहिलं नव्हतं. रेघ आली की ल-पुढे काना उभा राहत होता. गेली की नव्हता.

निघाले. निघालो. निघाले.

कुणीतरी आत एकसारखं ये-जा करत होतं, आणि तिला पहिल्यांदाच त्याला बाहेर थांब म्हणवेना. समोरच्या छोट्या चौकोनात तो काना उमटत होता, विझत होता, पुन्हा उमटत होता, आणि वहिनी पलीकडे वाट बघत होती.